वजन कमी करताना फळांतील साखर मोजावी की नाही?

प्रश्न : तोलूनमापून

नमस्कार. माझे वजन उंचीच्या मानाने बरेच अधिक आहे. ते सावकाश पण टिकेल अशा पद्धतीने उतरवायचे ठरवून मी रोजच्या आहाराची नोंद मोबाइलवरील एका ॲपमध्ये ठेवू लागले आहे. दिवसाला १६०० कॅलरींचे उद्दिष्ट आहे आणि ते मी बहुतेक दिवशी पाळते. अडचण आहे ती साखरेच्या रकान्याची. ॲपने माझ्यासाठी साखरेची मर्यादा ४० ग्रॅम ठरवली आहे. मी चहा-कॉफी बिनसाखरेची घेते आणि गोड पदार्थ जवळजवळ बंद केले आहेत. तरीही एक केळे, एक सफरचंद आणि एक संत्रे एवढे खाल्ले की हा रकाना लाल होतो, कारण या तीन फळांचीच साखर ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. त्यात पेलाभर साधे दूध धरले, तर आकडा ५५च्या पुढे जातो.

उलट ज्या दिवशी मी फळांना हात न लावता दोन्ही जेवणांत भात आणि ब्रेड खाते, त्या दिवशी कर्बोदकांचा रकाना दोनशे ग्रॅम ओलांडून गेला तरी साखरेचा रकाना हिरवाच राहतो. हे मला पटत नाही, पण यात नेमके काय चुकते आहे तेही सांगता येत नाही. फळांतील साखर ही शेवटी साखरच, म्हणून फळे कमी करावीत का? भात-ब्रेडमधील कर्बोदके साखरेच्या हिशेबात धरायचीच नाहीत का? आणि दोहोंपैकी एकालाच कात्री लावायची झाली तर ती कशाला लावावी? मला मधुमेह नाही. अलीकडच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) दोन्ही सामान्य आले आहेत.

प्रतिसाद : पोषणवाचक

आपल्या ॲपने दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात घातल्या आहेत, आणि गोंधळाचे मूळ तिथे आहे. ४० ग्रॅम ही मर्यादा बहुधा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीवरून आलेली असावी. त्या शिफारशीनुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त शर्करेतून यावी, आणि शक्य असल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणावे. १६०० कॅलरींचे १० टक्के म्हणजे १६० कॅलरी, आणि एक ग्रॅम साखरेच्या चार कॅलरी या हिशेबाने त्यांचे ४० ग्रॅम होतात. आकडा बरोबर आहे, पण तो मुक्त शर्करेसाठी आहे. मुक्त शर्करा म्हणजे कारखान्यात, उपाहारगृहात किंवा घरी पदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध, सिरप, फळांचा रस आणि रसाचा अर्क यांत असलेली साखर. अख्ख्या फळातील आणि साध्या दुधातील साखर या व्याख्येत येत नाही. आपले ॲप मर्यादा मुक्त शर्करेची दाखवते आणि मोजते मात्र एकूण शर्करा. त्यामुळे फळे खाणारी प्रत्येक व्यक्ती त्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरते.

आता रासायनिक दृष्ट्या पाहिले, तर सफरचंदातील फ्रुक्टोज (फळांत आढळणारी एक साधी शर्करा) आणि शीतपेयातील फ्रुक्टोज यांत काडीचाही फरक नाही, आणि ‘नैसर्गिक साखर निरुपद्रवी असते’ हा युक्तिवाद मी करणार नाही. तसे असते तर मधालाही सूट द्यावी लागली असती. फरक आहे तो ती साखर कशाच्या आत बसून येते यात. अख्ख्या फळात साखर पेशींच्या भिंतींच्या आत कोंडलेली असते, तिच्याभोवती पाणी आणि तंतुमय पदार्थ असतात, आणि फळ चावून खावे लागत असल्याने खाण्याचा वेगही आपोआप मंदावतो. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना अख्खी सफरचंदे, त्यांचा लगदा आणि त्यांचा रस असे तीन प्रकार, कर्बोदकांचे प्रमाण सारखेच ठेवून, देण्यात आले होते. रस अख्ख्या फळांपेक्षा अकरा पट वेगाने संपला, पोट भरल्याची भावना रसाने सर्वांत कमी आणि अख्ख्या फळाने सर्वांत जास्त दिली, आणि रसानंतर इन्सुलिनही अधिक वाढले. वजन उतरवणाऱ्या माणसाला यातील भुकेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटला पाहिजे, कारण कमी खाण्याचे वेळापत्रक कोलमडते ते बहुतेक वेळा भुकेपायी.

आपल्याच तीन फळांचा हिशेब करून पाहू. मध्यम आकाराचे केळे साधारण १०५ कॅलरींचे, सफरचंद ९५ कॅलरींचे आणि संत्रे ६० कॅलरींचे धरले, तर एकूण २६० कॅलरी होतात. साखर ४५ ग्रॅम, आणि सोबत दहा ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे आणि किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थ सुचवले आहेत. म्हणजे ॲप ज्या तीन फळांवर लाल रंग दाखवते, त्यांतून आपली तंतूंची किमान गरज जवळपास चाळीस टक्के भागते. संत्र्याच्या रसाचा मोठा पेला घेतला, तर सुमारे ११० कॅलरी आणि २० ग्रॅमहून थोडी जास्त साखर पोटात जाते, तंतू मात्र नावापुरते राहतात, आणि तासाभरात भूक पुन्हा हजर असते. तेव्हा फळे ठेवावीत, रस सोडावा. मिक्सरमधून काढलेल्या फळांची स्थिती मधली आहे. त्यांत तंतू शिल्लक असतात, पण पेशी फुटलेल्या असतात आणि पेला रिकामा व्हायला वेळ लागत नाही. ब्रिटनमधील सरकारी व्याख्येत अशा पेयांतील साखरही मुक्त शर्करेतच मोजली जाते. मी स्वतः त्यांना रसाच्याच पंक्तीला बसवतो.

प्रतिसाद : शंकासुर

वरील विवेचन मान्य आहे, तरी त्यातून ‘फळे कितीही खावीत’ असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहितो. व्याख्येने सूट दिली म्हणून कॅलरी नाहीशा होत नाहीत. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत सुमारे ३२ कॅलरी आणि ५ ग्रॅम साखर असते, तर शंभर ग्रॅम द्राक्षांत ६९ कॅलरी, १५ ग्रॅमच्या वर साखर आणि जेमतेम एक ग्रॅम तंतू. द्राक्षे सोलावी लागत नाहीत, कापावी लागत नाहीत, आणि काम करता करता घोसच्या घोस कधी संपला ते कळत नाही. केळे खाणारा माणूस एका केळ्यावर थांबतो. द्राक्षे खाणाऱ्याला असा नैसर्गिक थांबा मिळत नाही.

याहून मोठी फसगत सुकवलेल्या फळांची. द्राक्षाचे मनुके होताना पाणी जाते आणि साखर राहते, त्यामुळे शंभर ग्रॅम मनुक्यांत जवळपास ३०० कॅलरी आणि साठ ग्रॅमच्या आसपास साखर भरते. खजुराची गोष्ट फारशी वेगळी नाही. ही फळेच असल्याने बहुतेक लोक ती निर्धास्तपणे मूठ भरून खातात. मूठभर मनुक्यांनी सव्वाशे कॅलरी सहज जमा होतात आणि त्यांच्या जागी मिळणारे वाटीभर कलिंगड किंवा संत्रे पोट कितीतरी अधिक भरते. डबाबंद फळे घ्यायचीच असतील तर ती पाकातली नसावीत एवढे पाहावे. सिरीयल, फळांचे दही आणि ‘एनर्जी’ बार यांना मी फळांच्या यादीतूनच काढून टाकतो, कारण वेष्टनावर फळाचे चित्र आणि आत मुक्त शर्करा हा प्रकार तिथे नेहमीचा आहे. वेष्टनावरील घटकांच्या यादीत ग्लुकोज सिरप, फळांच्या रसाचा अर्क, मध, डेक्स्ट्रोज, माल्टोज अशी नावे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली असतात. त्यांची बेरीज वाचकालाच मनात करावी लागते.

तोलूनमापून

दोघांचेही आभार. फळांविषयी मनातील शंका बरीच निवळली. भात आणि ब्रेडबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही, आणि माझ्या दिवसाच्या निम्म्याहून अधिक कॅलरी त्यांतूनच येतात. ओळखीच्या काही जणांनी कर्बोदके जवळपास बंद केली आणि पहिल्याच आठवड्यात दोन-अडीच किलो वजन उतरले असे ते सांगतात. ते खोटे बोलत असतील असे वाटत नाही. मग मीही तेच का करू नये? आणखी एक लहानसा प्रश्न : रात्रीच्या जेवणानंतर फळ खाल्ले तर त्याची चरबी होते, हे खरे आहे का?

प्रतिसाद : मधली सुट्टी

आहारशास्त्र शिकून काही वर्षे याच क्षेत्रात काम करीत असल्याने या भागाविषयी लिहितो.

भात-ब्रेडमधील कर्बोदके मुख्यतः स्टार्चच्या रूपात असतात. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. पचनात ती तुटते आणि रक्तात ग्लुकोजच पोहोचते. त्यामुळे साखरेचा रकाना हिरवा आहे म्हणून रक्तातील साखर वाढलीच नाही, असे समजू नये. शुद्ध ग्लुकोजला १०० धरून पदार्थ रक्तशर्करा किती वाढवतात हे मोजण्याची पद्धत, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली. त्या मापाने पांढरा ब्रेड साधारण ७५, शिजवलेला पांढरा भात ७३, आणि आपण जिला दोष देत आहात ती फळे पाहिली तर केळे ५१, संत्रे ४३ आणि सफरचंद ३६ च्या आसपास येतात. नेहमीची पांढरी साखर ६५ आहे, म्हणजे पांढऱ्या ब्रेडपेक्षा कमी! यावरून साखर ब्रेडपेक्षा चांगली असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. साखरेतील निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो. तो थेट रक्तशर्करा वाढवत नाही, बहुतांशी यकृतात जातो, आणि गोड पेयांतून तो मोठ्या प्रमाणात सतत येत राहिला तर यकृत त्याची चरबी करू लागते. हा इंडेक्स उपयोगी आहे, पण त्यावरून पदार्थाची सगळी लायकी ठरत नाही. कलिंगडाचा इंडेक्स ७०च्या वर आहे म्हणून अनेकांनी ते सोडले. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम कलिंगडात कर्बोदके सातआठ ग्रॅमच असतात, त्यामुळे नेहमीच्या फोडींनी रक्तशर्करेवर पडणारा भार किरकोळ असतो.

कात्री कशाला लावावी, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे : आधी गोड पेये आणि रस, मग मैद्याचे आणि पॉलिश केलेल्या धान्याचे पदार्थ, आणि अख्ख्या फळांचा क्रमांक त्यानंतर बऱ्याच अंतराने. दोनशे ग्रॅमहून अधिक कर्बोदके म्हणजे आठशेहून अधिक कॅलरी. आपली तीन फळे त्यापुढे २६० कॅलरींची आहेत. जेवणातील भाताचा तिसरा भाग काढून त्या जागी भाजी आणि डाळ, अंडी, मासे किंवा पनीर यांसारखे प्रथिनांचे काही वाढले, तर ताटाचा आकार तेवढाच राहतो आणि भूकही नियंत्रणात राहते. डाळी आणि कडधान्ये यांतही कर्बोदके असतात, पण तंतू आणि प्रथिने यांच्या संगतीने येत असल्याने ती सावकाश पचतात. भाजी आणि प्रथिने आधी खाऊन भात-ब्रेड शेवटी घेतल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, असेही लहान अभ्यासांत दिसले आहे. करून पाहायला काही खर्च नाही.

भाताची नोंद कशी करता, तेही एकदा तपासावे. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात आणि शिजल्यावर त्याचा पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भात होतो. शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात १३० कॅलरी. कच्चे वजन करून नोंद मात्र शिजवलेल्या भाताची केली, तर एका जेवणातच दोनशेहून अधिक कॅलरी हिशेबाबाहेर राहतात, आणि मग वजन का हलत नाही याचे खापर बिचाऱ्या संत्र्यावर फुटते. ओट्स आणि पास्ता यांच्या बाबतीतही हेच घडते.

आता ओळखीच्या मंडळींच्या दोन-अडीच किलोंविषयी. ते खरेच बोलत आहेत, पण त्यातील बहुतांश पाणी आहे. शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण पाचशे ग्रॅमपर्यंत ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा राखीव साठा, बाळगते, आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके एकदम तोडली की हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जाते; पुन्हा खाऊ लागले की ते परतही येते. एक किलो चरबीत जवळपास ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तरी आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपासच चरबी उतरू शकते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला एक प्रयोग २०१८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कमी स्निग्ध पदार्थांच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि कमी कर्बोदकांच्या गटाचे ६ किलो उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या दखल घेण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैद्यासारखी पिठे कमी करून भाज्या भरपूर खाण्यास सांगितले होते, हे विशेष. त्यामुळे ज्यांना कमी कर्बोदकांचा आहार मानवतो त्यांनी तो खुशाल घ्यावा. तो न जमणाऱ्यांनी स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही.

प्रतिसाद : पोषणवाचक

वरील प्रतिसादाला एक जोड देतो, कारण हा धागा मधुमेही वाचकही वाचतील आणि त्यांच्यासाठी गणित थोडे निराळे आहे. अख्खी फळे त्यांनाही वर्ज्य नाहीत. २०१३ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या पाहणीत द्राक्षे, सफरचंदे आणि ब्लूबेरी यांसारखी फळे अधिक खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका कमी आणि रस अधिक पिणाऱ्यांत तो जास्त आढळला होता. ही पाहणी असल्याने कार्यकारणभाव तिने सिद्ध होत नाही, आणि आधीच मधुमेह असलेल्याने एका वेळी किती फळ खावे हे त्याच्या ग्लुकोमीटरला विचारावे हेच बरे.

काळजी घ्यायची ती औषधांची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदके एकाएकी तोडली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना अत्यंत कमी कर्बोदकांच्या आहारात कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी होण्याचा, धोका असतो, आणि तो रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही उद्भवू शकतो. अशा व्यक्तींनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय आहारात मोठा बदल करू नये. रक्तातील साखर ७०च्या (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) खाली उतरून घाम आणि थरथर सुरू झाली असेल, तेव्हा मात्र ज्या रसाची वर एवढी निंदा केली तोच अर्धा पेला लगेच प्यावा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. त्या क्षणी चावून खायच्या अख्ख्या फळापेक्षा रसच बरा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना केळी आणि संत्री यांतील पोटॅशियमचा वेगळा विचार करावा लागतो.

प्रतिसाद : शंकासुर

रात्रीच्या फळाचा प्रश्न मागे राहिला. घड्याळ पाहून फळातील साखरेची चरबी होत नाही. दिवसभरात खर्चाहून अधिक ऊर्जा गेली तर ती साठते, मग शेवटचा घास सफरचंदाचा असो वा भाताचा. जेवणानंतरच्या फळाने गोड खाण्याची ओढ भागत असेल तर ते अवश्य ठेवावे. सफरचंद, नासपती किंवा कलिंगड खाल्ल्यावर ज्यांचे पोट फुगते, त्यांनी रात्री ती टाळून संत्रे किंवा स्ट्रॉबेरी घेऊन पाहावी, कारण त्रास बहुधा त्या फळांतील जादा फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक गोड घटक) नीट न शोषले जाण्याचा असतो.

ॲपमध्ये ‘वरून घातलेली साखर’ असा वेगळा रकाना असल्यास तो चालू करून ४० ग्रॅमची मर्यादा त्याला लावावी, रस आणि मध मात्र स्वतःहून त्यात मिळवावेत. तशी सोय नसेल तर साखरेचा रकाना लपवून त्या जागी तंतुमय पदार्थांचा रकाना वर घ्यावा आणि तो रोज २५ ग्रॅमला पोहोचतो का एवढे पाहावे. तंतू एकदम न वाढवता दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत आणि पाणी पुरेसे प्यावे, नाहीतर पोट कुरकुर करील.